बटाटे सोलताना बोलणारा चौथा

"आमची पोरं मनात काही म्हणजे काही ठेवत नाहीत!"

लिफ्ट दुरुस्त करणारा आपला हा मिस्त्री दिवसातून एकदा तरी हे वाक्य कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय राहायचा नाही. लिफ्टच्या टपावर उभं राहून तारांना ग्रीस लावता लावता तो जोडीदाराला ओरडून सांगायचा, "पोरगा आहे म्हणून रडायचं नाही, घाबरायचं नाही, असलं आमच्याकडे चालत नाही! आमची पोरं दगड होणार नाहीत, सांगून ठेवतो!" जोडीदार "बरं" म्हणायचा आणि पाना वर द्यायचा.

बढाई अगदीच पोकळ नव्हती, बरं का. बायको कोपऱ्यावरच्या इस्पितळात नर्स. तिची पाळी दुपारी सुरू व्हायची ती रात्रीपर्यंत, त्यामुळे संध्याकाळचं स्वयंपाकघर मिस्त्रीच्या ताब्यात. तिथे त्याला एक शोध लागला होता. पोरांना समोर बसवून "बोल, काय झालं?" असं विचारलं की त्यांची दातखीळ बसते, पण हातात बटाटा आणि सालकाढणं दिलं की तोंड आपोआप सुटतं! म्हणून घरात एक रिवाजच पडला होता. रोज संध्याकाळी मिस्त्री, थोरला आणि धाकटा टोपल्याभोवती बसायचे. "नजर बटाट्यावर, तोंड मोकळं!" अशी मिस्त्रीची आरोळी झाली की प्रत्येकाने दिवसभरात मनाला काय वाटलं ते सांगायचं. ऐकणाऱ्याने हसायचं नाही, रागवायचं तर मुळीच नाही.

धाकटा नुकताच शाळेत जायला लागलेला. त्याचा तर नळ सुटायचा. "मला आज बाईंचा राग आला, मग भूक लागली, मग परत राग आला!" थोरलाही बोलायचा, जरा अडखळत. आणि मिस्त्रीची पाळी आली की तो म्हणायचा, "मी ना? मी मजेत!"

"बाबा, तुम्ही रोजच मजेत असता?" धाकटा विचारायचा.

"मोठ्या माणसाला काय धाड भरलीय! सोल, बटाटा सोल."

इथवर सगळं ठीक होतं. पण गेल्या काही दिवसांपासून थोरलाही पाळी आली की मान खाली घालून म्हणायला लागला, "मी मजेत." झालं! मिस्त्रीने खोदून विचारलं, गोडीने विचारलं, अंड्याची लालूच दाखवली. थोरला ढिम्म! रात्री अंथरुणावर त्याची उशी ओली असायची, आणि सकाळी विचारावं तर पुन्हा तेच, मजेत. आपल्या डोळ्यांदेखत आपलं पोर बंद होत चाललंय आणि आपल्याला त्याची कडी सापडत नाही, या विचाराने मिस्त्रीला घास गोड लागेना.

आता त्या स्वयंपाकघराविषयी थोडं सांगायला हवं. शेगडीच्या वर धूर ओढणारा पंखा होता, तो अडकला. मिस्त्रीने तो झटक्यात काढला आणि "उद्या बसवतो" म्हणून खाटेखाली सरकवला. उद्या म्हणजे कारागिराचा उद्या! भिंतीत राहिलं एक काळं भोक, इमारतीच्या धुराच्या बोळात उघडणारं. त्यावर त्याने एक फडकं टांगलं. दिवेलागणीला वारा सुटला की ते फडकं आत जायचं, बाहेर यायचं, आत जायचं, बाहेर यायचं. भिंतच श्वास घेतेय असं वाटायचं. मिस्त्री शक्यतो तिकडे पाहायचा नाही.

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं आणि घरात लवकर अंधारलं होतं. तिघं सोलायला बसले. धाकट्याने त्याचा राग सांगितला. थोरला म्हणाला, "मी मजेत." मिस्त्री म्हणाला, "मीही मजेत."

आणि चौथा आवाज म्हणाला, "मला... आज... फार वाईट वाटलं."

मिस्त्रीच्या हातातला बटाटा सुटला आणि घरंगळत शेगडीखाली गेला. तो आवाज ना थोरल्याचा, ना धाकट्याचा. खोल, घोगरा, ओल्या विहिरीच्या तळातून यावा तसा! फडकं हळूच आत गेलं.

धाकट्याने बटाट्यावरची नजरसुद्धा हलवली नाही. "का वाईट वाटलं?" त्याने विचारलं.

"दिवसभर... कुणी... माझ्याशी बोललं नाही."

"बरं," धाकटा म्हणाला आणि पुढची साल काढायला लागला.

"कोण... कोण बोललं?" मिस्त्रीची बोबडी वळली.

"तो. चौथा."

"चौथा कोण?"

"तुम्ही ताटं मांडायला बाहेर जाता ना, तेव्हा तो रोज बोलतो," धाकट्याने शांतपणे सांगितलं. "आज तुमच्यासमोर बोलला. हिंमत आली असेल त्याला."

"आणि तुम्हाला भीती नाही वाटत?"

"आधी वाटली. मग मी त्याला सांगितलं की मला तुझी भीती वाटते. तर तो म्हणाला, मलाही वाटते."

इतक्यात शेगडीवर आधी ठेवलेले बटाटे उकडून झाले, तर ही दोन कार्टी उठली, एक बटाटा छोट्या पिशवीत घातला, पिशवीला दोरी बांधली आणि फडकं बाजूला करून ती सरसर आत सोडली! दोरी ताणली गेली. थोडी हलली. मग सैल पडली. थोरल्याने ती वर ओढली, तर पिशवी रिकामी!

आतून आवाज आला, "मीठ... कमी आहे."

"उद्या जास्त घालू," धाकट्याने भोकात तोंड घालून सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, अहो, हा लिफ्टचा मिस्त्री, दोरी वर-खाली गेली की टोकाला माणूस असतो हे त्याला कळू नये? कळलं ना! विचार आला त्याच्या मनात. खालच्या मजल्यावर निवृत्त तिकीट तपासनीस राहायचे. पण तपासनीस बोलतात कुठे? ते नुसते खेकसतात! जिन्यात पोरांचा चेंडू गेला तर कापून परत करणारा माणूस तो. बायको वारल्यापासून तर जास्तच बिथरलेला. त्या माणसाला मन नावाची वस्तू आहे हेच इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. ते आणि "मला वाईट वाटलं" म्हणतील? छे!

तरी खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने त्यांना जिन्यात गाठलं. "काय हो काका, तुमच्याकडे त्या धुराच्या बोळातून काही... आवाज वगैरे येतो का?"

तपासनीसांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. "आवाज? कसला आवाज? मी काही ऐकलं नाही! मी तिकडे उभासुद्धा राहत नाही!" आणि धाडकन दार लावून घेतलं.

मिस्त्रीच्या काळजाचं पाणी झालं. एवढा वाघासारखा माणूस घाबरला, म्हणजे ते खरंच आहे!

दुपारी मिस्त्री जेवायला घरी आला तेव्हा बायको कामावर निघाली होती. तिने चपला घालता घालता सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुम्हाला भीती वाटली का?"

"मला? मी आपलं पोरांसाठी विचारतोय!"

"मग राहू द्या. भूत का असेना, मनातलं बोलतंय तरी. तुमच्यापेक्षा बरं." ती गेली.

हे मात्र मिस्त्रीला झोंबलं. आज सोक्षमोक्ष लावायचाच! संध्याकाळी त्याने पोरांना बाहेरच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं, कमरेला कामावरचा सुरक्षा पट्टा बांधून त्याची कडी खिडकीच्या गजात अडकवली (भुताने आत ओढलं तर?), हातात सगळ्यात मोठा पाना घेतला आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरासारखा शिरला.

बरोबर त्याच क्षणी इमारतीची वीज गेली.

काळोखात फडकं आत-बाहेर होत होतं. बाहेर आलं तसा कुबट, गार वारा मिस्त्रीच्या तोंडावर आला.

"आलास?" आवाज म्हणाला.

मिस्त्रीने पाना उगारला. पाना थरथरत होता. नीट सांगायचं तर हात थरथरत होता, पाना बिचारा काय करणार!

"धाकटा बोलतो," आवाज सावकाश म्हणाला. "थोरला आधी बोलायचा. आता नाही बोलत. तू तर... कधीच नाही. मी रोज वाट पाहतो. का बोलत नाहीस?"

"मी... मी मजेत आहे!"

"खोटं."

बस! त्या एका शब्दाने मिस्त्रीचं उसनं अवसान गळून पडलं. पाना ठणकन फरशीवर आपटला.

"मला भीती वाटते!" तो ओरडला. "तुझी वाटते, आणि लिफ्टचीही वाटते! मागे टपावरून पाय घसरला माझा. पट्टा होता म्हणून वाचलो, नाहीतर संपलं होतं सगळं! तेव्हापासून वर चढलो की हात कापतात. जोडीदाराला सांगत नाही, तो हसेल. बायकोला सांगत नाही, ती नोकरी सोडा म्हणेल, आणि मग मी कोण? माझा बाप जन्मभर 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत राहिला आणि तसाच गेला. त्याच्या मनात काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही रे! मला तसं व्हायचं नाही. आणि मी अगदी तसाच झालोय!"

मिस्त्री मटकन खाली बसला, म्हणजे पट्ट्याने बसू दिला तेवढा बसला, आणि हेल्मेटसकट हमसून हमसून रडायला लागला. अंधारातून कुणाचा तरी हात त्याच्या खांद्यावर आला. तो दचकून किंचाळलाच!

"मी आहे, बाबा," थोरला म्हणाला. तो त्याला चिकटून बसला. त्याचं अंग तापल्यासारखं गरम होतं. "मी वर्गात सांगितलं होतं, मला अंधाराची भीती वाटते म्हणून. सगळे हसले. रोज चिडवतात. मला वाटलं, बाबा काहीच सांगत नाहीत, म्हणजे मोठं झालं की सांगायचं नसतं."

"माझं चुकलं रे," मिस्त्री म्हणाला. "फार चुकलं माझं." त्याने पोराला कवटाळलं, आणि पोरगं इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं रडलं. धाकटाही येऊन रडला. त्याला कारण नव्हतं, पण संधी सोडणारा नव्हता तो!

मग सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत, वरून, कुणीतरी जोरात नाक शिंकरलं.

"अगं बाई गं!" मिस्त्री कुजबुजला. "आणखी एक आहे!"

"मिस्त्री, माफ करा हं," वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंचा भिजलेला आवाज भोकातून आला. "आम्हीच आहोत."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि शिकवणीची पोरं. तुमचा पंखा निघाल्यापासून तुमच्याकडचा शब्द न् शब्द इकडे येतो. आधी कानावर हात ठेवले हो. पण पोरं ऐकायला लागली तशी आपापसातली मारामारी थांबली त्यांची!"

"आम्हीपण आहोत!" तळमजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

मिस्त्रीने कपाळावर हात मारला, तो हेल्मेटवर बसला. जन्म गेला लिफ्टच्या बोळात वर-खाली हाका मारण्यात, आणि घरच्या बोळातून आवाज जातो हे डोक्यात येऊ नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! मग एकदम त्याला आठवलं. "पण मग... हा चौथा कोण?"

मग खालच्याच मजल्यावरून एक खोकला आला. तो खोकला इमारतीतलं शेंबडं पोरसुद्धा ओळखायचं. त्याच्यापाठोपाठ चेंडू कापला जायचा!

"समोरासमोर बोलता येत नाही मला," तपासनीस पुटपुटले. "ती होती तेव्हा तिच्याशी बोलायचो. सकाळी तुम्ही विचारलंत तर लाज वाटली."

"मी रागावलो नाही," धाकट्याने भोकात सांगितलं. "पण चेंडूचा राग आहे."

"नवा देतो."

तेवढ्यात दारात धाड धाड पावलं वाजली आणि नर्सच्या गणवेशातच बायको धापा टाकत आत आली. शिकवणीवाल्या बाईंनी तिला फोन केला होता, "लवकर या, तुमचे मिस्टर लिफ्टवरून घसरल्याचं सांगून रडताहेत!" तिने मोबाइलचा उजेड नवऱ्यावर टाकला. डोक्यावर हेल्मेट, खिडकीला बांधलेला, दोन्ही मांड्यांवर दोन पोरं, सगळ्यांची नाकं लाल.

सगळे धड आहेत हे बघून ती आधी भिंतीला टेकली. मग तिचे डोळे भरले, आणि लगेच मोठे झाले.

"लिफ्टवरून घसरलात? मरता मरता वाचलात? मी इतके दिवस विचारतेय, काय होतंय, झोप का लागत नाही! आणि सांगितलंत कुणाला? मला सोडून सगळ्या इमारतीला!"

"अगं, मला कुठे ठाऊक होतं..." मिस्त्री चाचरला.

"काही बोलू नका!" तिने पर्स फेकली, टोपलं पुढ्यात ओढलं, मांडी घालून बसली आणि एक बटाटा उचलला. "आता माझी पाळी. मला आज फार फार राग आलाय. आणि तो कुणाचा आलाय ते मी पहिल्यापासून सांगणार आहे!"

मिस्त्री मान खाली घालून बसला. भिंतीतलं फडकं हळूच हललं, आणि खालून तपासनीसांचा अदबशीर आवाज आला:

"सिस्टर, जरा भोकाजवळ सरकून बोलता का? इकडे नीट ऐकू येत नाही."