पाडसाच्या जागी ससा

आमच्या जव्हारात कचऱ्याच्या डब्याला साबण लावून आंघोळ घालणारा माणूस एकच, नाना. रोज सकाळी बादली, साबणाची वडी आणि जुना पंचा घेऊन बागेत येतात आणि सिमेंटच्या सशाचे कान चोळत बसतात. 'मला कचरा द्या' असं त्या सशाच्या पोटावर लिहिलंय. पण द्यायची कुणाची टाप आहे? कागदाचा बोळा टाकायला गेलं की नाना खेकसतात, "तोंड आहे ते त्याचं!"

फाटकाशी सूर्यमाळची एक बाई रानभाजी विकते. परवा मला म्हणाली, "आमचे पाड्यावर प्यायला पानी नाय, न हा डब्याला आंघूळ घालतं! काय झालं गं बाय याला?" माझं शिवणकामाचं दुकान बागेसमोरच. त्यामुळे हे सगळं पहिल्यापासून बघणं माझ्याच नशिबी आलंय.

नाना एसटी डेपोत कंट्रोलर होते. रिटायर झाले, पण डेपोतलं वाक्य तोंडातून सुटलं नाही. "उशीर आहे, रद्द नाही!" नळाला पाणी नाही? उशीर आहे, रद्द नाही. माझ्या मुलीचं लग्न जमेना, तेव्हाही चारचौघांत हेच. मी कात्री उगारली होती.

मग बागेत ब्राँझची हरणं बसली. शिंगंवाला नर, मादी आणि पाडस. मादी मान खाली वळवून पाडसाला चाटतेय, अशी. काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, तेव्हा नुकताच विसर पडायला लागला होता. नाना त्यांना रोज संध्याकाळी बागेत आणायचे. दिवसभर भेदरलेली ती बाई पाडसाच्या पाठीवरून हात फिरवला की शांत व्हायची.

आणि एका सकाळी पाडस गायब! चौथऱ्यावर नुसते बोल्ट. मोठी हरणं उचलेनात, म्हणून मेल्यांनी पोर नेलं.

नानांनी जव्हार-मोखाड्याच्या भंगारवाल्यांना जगणं नकोसं केलं. "एवढंसं आहे हो, कान उभे आहेत," असं हातानं दाखवत जीपनं फिरायचे. एकानं तर सांगितलं, "चाचा, बकरी बाजार में देखो." मी म्हटलं, "नाना, ते केव्हाच वितळलं. कुणाच्या तरी घरी नळाची तोटी झालं असेल." आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा काय, तर उशीर आहे, रद्द नाही.

रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून कुणा शहाण्यानं तिथं हा ससा आणून ठेवला. झालं! हरिणी आता मोठ्या मायेनं कचऱ्याचा डबा चाटायला लागली. सगळं गाव हसलं. नाना मात्र पेटले. अर्ज केले, कचेरीत ठाण मांडलं. "आईच्या तोंडापुढं उकिरडा ठेवता? लाजा नाहीत तुम्हाला?" शेवटी वैतागून माणसं हातगाडी घेऊन ससा उचलायला आली.

तर आमचे नाना सशाला मिठी मारून बसलेले! "हात लावायचा नाही याला!"

माझं डोकंच फिरलं. मशीन सोडून तरातरा गेले. "नाना, चाललंय काय तुमचं? तुम्हीच बोंब मारलीत ना?"

नानांनी नुसती मान वळवली. सशाच्या पलीकडे काकू जमिनीवर बसल्या होत्या. एक हात सशाच्या पाठीवर. "आलं गं बाई माझं पाडस," असं आपल्याशीच म्हणत होत्या.

"कालपासून हेच म्हणतेय," नाना हळूच बोलले. "मला सकाळी विचारलं, तुम्ही कोण? पण याला ओळखलं गं तिनं."

माणसं रिकामी हातगाडी घेऊन गेली. मला रडू आवरेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांचंच वाक्य त्यांना दिलं, "नाना, ओळखतील हो काकू तुम्हाला. उशीर आहे, रद्द नाही."

जन्मभर गाड्यांच्या वेळा सांगत आलेला माणूस. त्यांनी मान हलवली. "नाही गं. ही गाडी रद्दच. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं."

तेवढ्यात काकूंनी सशाच्या तोंडात हात घालून केळ्याची साल बाहेर काढली. "अहो दादा," त्या नानांना म्हणाल्या, "कुणी हो ही घाण भरवली माझ्या बाळाला? जरा धुऊन द्याल का?"

"देतो हो, बाई," नाना म्हणाले आणि बादली आणायला गेले.