फ्रेंच खुर्ची आणि स्पॅनिश बॉयलर

या, असे जवळ या. दाराशी एक पाय बाहेर ठेवून ऐकायची ही गोष्ट नाही, आणि मागे भिंतीला टेकून पेंगायचीही नाही. काडी न ओढता, कुणाचं वाईट न चिंतता, केवळ विद्येच्या जोरावर एक चालती लाँड्री धुरात जाण्याच्या बेतात कशी आली, ते आज सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. देवाच्या दारी हसण्याला बंदी नाही, गर्वाला आहे. आणि गर्व आपल्या गोष्टीत पोत्याने आहे.

लाँड्री आत्यांची. खाली दोन मोठी यंत्रं, एक बॉयलर, इस्त्रीची चार टेबलं. वर राहायच्या दोन खोल्या. त्यातली एक खोली आत्यांनी भाच्याला दिली होती, कारण भाचा विद्यापीठात शिकत होता. आणि शिकत तरी काय होता? विमा आणि जोखीम व्यवस्थापन, आणि त्याच्या जोडीला युरोपातल्या तीन भाषा: फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश.

इस्त्रीवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दोन्ही एकदम कशाला रे?"

"मावशी, उद्या जगात कुठेही काही जळलं, बुडालं, कोसळलं, तर त्या माणसाला त्याच्याच भाषेत सांगता आलं पाहिजे."

"काय सांगायचं?"

"की हे आमच्या विम्यात बसत नाही."

मावशींनी इस्त्री फिरवत म्हटलं, "एवढ्यासाठी तीन भाषा? नुसती मान हलवली तरी कळतं."

त्या दिवसापासून भाच्याचं नाव पडलं जोखीमशास्त्री. हाक मारायला लांब पडतं म्हणून नुसतं शास्त्री. त्याला ते नाव मनापासून आवडलं. थट्टा आहे हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर झालं असं, की एका मोठ्या इस्पितळाने चादरी धुवायचं काम आत्यांना देऊ केलं. वर्षभराचं काम. पण अट एकच: लाँड्रीचा विमा हवा, आणि त्याचा कागद शनिवारच्या आत हातात हवा. नाहीतर काम दुसरीकडे. आत्यांना रात्रंदिवस तेच दिसत होतं. हल्ली लोक घरीच कपडे धुतात; चार टेबलांपैकी दोन रिकामी पडली होती, आणि हे काम गेलं असतं तर उरलेल्या दोनांपैकी, म्हणजे आत्यांच्या आणि मावशींच्या टेबलांपैकी, एक बंद करावं लागणार होतं. ते कुणाचं, हे त्या मनातसुद्धा बोलत नव्हत्या. मावशी बावीस वर्षं आपल्या टेबलाशी उभ्या होत्या.

विमा कंपनीने कळवलं, गुरुवारी आमच्या सर्व्हेअर बाई जागा बघायला येतील. आत्या घाबरल्या. "कुणातरी जाणकाराला बोलावून आधी सगळं नीट करून घेऊ या का?"

शास्त्री दुखावला. घरात वैद्य असताना शेजारच्याकडून काढा आणावा, तसं त्याला झालं. "आत्या, जाणकार तुमच्यासमोर उभा आहे. मी जोखमीची नोंदवही करतो. सतरा पानांची. बाई नुसत्या बघत राहतील."

नोंदवही झाली. मग त्याने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धोक्याच्या जागांवर चिठ्ठ्या डकवल्या: लाल म्हणजे भयंकर, पिवळी म्हणजे जपून, हिरवी म्हणजे निर्धास्त. एकंदर अकरा चिठ्ठ्या. बुधवारी संध्याकाळी त्याने आत्यांना आणि मावशींना समोर उभं करून नियम पढवले. "उद्या सकाळपासून लालला हात लावायचा नाही. अगदी प्राण गेला तरी. पिवळं असेल तिथे जपून. हिरवं असेल तिथे खुशाल. बाई हेच बघतात, की माणसं नियम पाळतात की नाही."

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, जी शास्त्री विसरला होता. गेल्या महिन्यात त्याच्या भाषेच्या सरांनी सांगितलं होतं, की शब्द पाठ व्हायचे असतील तर घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावा. त्याने लावल्या. घरात वस्तू कमी पडल्या म्हणून खाली लाँड्रीतही लावल्या. फ्रेंच शब्द लाल चिठ्ठीवर, जर्मन पिवळ्या, स्पॅनिश हिरव्या. दोनशेच्या वर. आणि जी गोष्ट आपण महिनाभर रोज बघतो, ती आपल्याला दिसेनाशी होते. स्वतःचे दोष दिसत नाहीत ते याच कारणाने. शास्त्रीला त्या दिसेनाशा झाल्या होत्या.

गुरुवारी सकाळी त्याची फ्रेंचची तोंडी परीक्षा होती. "बाई चार वाजता येणार, मी बारालाच परत येतो," असं सांगून तो गेला.

मावशी कामावर आल्या आणि दारातच थांबल्या. दारावर लाल चिठ्ठी.

"ताई, दार लाल आहे."

आत्या आतून आल्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. दार लाल. खुर्ची लाल. पाण्याचं पिंप लाल. आरसा लाल. झाडू लाल. बॉयलरच्या पोटावर हिरवी चिठ्ठी आणि पाठीवर लाल.

"अहो, पण लाल म्हणजे ते फ्रेंच ना?" मावशी म्हणाल्या. "ही खुर्ची महिनाभर फ्रेंच होती. एका रात्रीत धोक्याची कशी झाली?"

"शिकलेला आहे तो," आत्या हळू आवाजात म्हणाल्या. "काहीतरी दिसलं असेल त्याला. शनिवारपर्यंत माझं ऐका. मग हवं तर खुर्ची डोक्यावर घेऊन नाचा."

मावशींना शनिवार ठाऊक होता. त्या कपडे घ्यायच्या खिडकीतून, पाटावर चढून आत आल्या. खिडकीची चौकट पिवळी होती, म्हणून जपून आल्या.

आणि साडेदहाला सर्व्हेअर बाई आल्या. चारच्या जागी साडेदहाला, कारण अचानक गेल्याशिवाय माणसाचं खरं घर दिसत नाही, हा त्यांचा अनुभव. हातात पाटी, त्यावर कागद, नाकावर चष्मा. त्यांनी दाराला हात घातला.

"नको नको, दाराला हात लावू नका," आत्या आतून म्हणाल्या. "इकडून या. खिडकीतून."

बाईंनी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आत्यांकडे बघितलं. "दाराला काय झालंय?"

"त्याची नोंद आहे," आत्या अदबीने म्हणाल्या.

वीस वर्षं जागा तपासणाऱ्या त्या बाई, पन्नाशी उलटलेल्या, मावशींच्या हाताचा आधार घेऊन खिडकीतून आत उतरल्या. चष्मा एका कानावर लोंबत होता. "बसते जरा," त्या म्हणाल्या.

"खुर्चीवर नको. बॉयलरला टेका हवं तर. पुढून टेका, पुढून तो हिरवा आहे. पाठीमागे मात्र जाऊ नका."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आत्यांनी ते वाचायचा प्रयत्न केला, पण बाईंनी पाटी छातीशी धरली. "प्यायला पाणी मिळेल?"

आत्या आणि मावशींनी एकमेकींकडे बघितलं. "बाई, पाणी आज..." आत्या पुटपुटल्या. उभ्या आयुष्यात दारी आलेल्याला पाणी नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी मान खाली घालून तीनदा शास्त्रीला फोन लावला. फोन बंद. परीक्षा चालू.

"बरं, काम कसं चालतं तेवढं दाखवा," बाई म्हणाल्या.

आता आपण नीट करून दाखवायचं, असं ठरवून आत्यांनी मावशींच्या हातून तापलेली इस्त्री घेतली. एक उशीचा अभ्रा झक्क फिरवला. आता इस्त्री ठेवायची. ठेवायच्या जाळीवर लाल चिठ्ठी! आत्यांचा हात हवेतच राहिला. हिरवं काय आहे? त्यांनी बघितलं. घडी घातलेल्या चादरींच्या थप्पीवर हिरवीगार स्पॅनिश चिठ्ठी होती. आत्यांनी निर्धास्तपणे इस्त्री तिथे ठेवली आणि बाईंकडे वळून म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं नियमाने चालतं."

नियमाने धूर निघायला लागला.

बाईंनी भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे झेप घेतली. आत्यांनी त्यांचा हात धरला. "नका, नका, लाल आहे ते!"

"आग लागलीय हो!"

"पण लाल आहे!"

इकडे या दोघींची ओढाताण चालू, तिकडे मावशींनी आधी प्लग खेचला, मग इस्त्री उचलून त्याच लाल जाळीवर ठेवली, वरच्या दोन चादरी ओढून जमिनीवर टाकल्या, त्यांवर ओल्या कांबळ्याचा तुकडा दाबला आणि शेवटी दार उघडून धूर बाहेर घालवला. हे सगळं तुम्ही दोनदा श्वास घ्याल तेवढ्यात. मग त्यांनी पिंपातून तांब्याभर पाणी काढलं आणि बाईंना दिलं.

"प्या. फ्रेंच आहे, पण गार आहे."

एवढ्यात शास्त्री आला, उड्या मारत. "आत्या, पैकीच्या पैकी. त्यांनी विचारलं, कामाच्या जागी आग लागली तर काय कराल? मी फ्रेंचमध्ये दहा मिनिटं बोललो. सर म्हणाले..." मग त्याला धुराचा वास आला.

बाई खुर्चीवर बसल्या होत्या. "या दारावर लाल का?"

"ते फ्रेंच आहे, बाई."

"आणि खुर्चीवर?"

"फ्रेंच."

"बॉयलरच्या पोटावर हिरवी?"

"स्पॅनिश."

"आणि पाठीवर लाल?"

"तो मात्र धोका आहे," शास्त्रीचा आवाज खाली खाली जात होता.

बाईंनी सतरा पानांची नोंदवही मागून घेतली. पानं उलटली. यंत्रं होती, तारा होत्या, छप्पर होतं, उंदीरसुद्धा होते. मग त्यांनी मावशींना विचारलं, "तुमच्या कोपरावर हे भाजल्यासारखं काय?"

"हे होय? जुनं आहे. आणि हे त्याच्याही आधीचं. वाफेचं." मावशींनी बाही सरळ केली. "ओलं कांबळं तेव्हापासून जवळ ठेवते."

"यांचं पान कुठलं?" बाईंनी शास्त्रीकडे नोंदवही सरकवली.

शास्त्रीने पुढून शोधलं, मागून शोधलं. ज्याने उंदीर मोजले, त्याने माणसं मोजली नव्हती. आत्याही मान वर करीनात. नोंदवही भाच्याची होती, पण मावशींना बावीस वर्षं राबवणारी लाँड्री त्यांची होती. शेवटी त्याच म्हणाल्या, "बाई, विमा देऊ नका हवं तर. चूक झाली माझी. पण इस्पितळाचं काम गेलं तर टेबल बंद होईल, ते आधी यांचं नाही होणार. माझंच होईल. मी घरात बसेन."

"उगाच काहीतरी," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला घरात बसता येतं का कधी?"

बाई उठल्या. दोनशे चिठ्ठ्या आजच्या आज काढायला सांगितल्या, मावशींची सही घेतली आणि दारातून निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी कागद आला. विमा मंजूर. सुरक्षेची जबाबदारी: इस्त्रीवाल्या मावशी. जोडीला एक वेगळं पान, इस्त्री करणाऱ्यांच्या दुखापतींसाठी. त्यावर आत्यांची सही हवी होती. आत्यांनी ती पेन दाबून केली, पुढची तीन पानं उमटतील इतकी. एका रकान्यात लिहिलं होतं, मागील आगीचं कारण: शिक्षण.

संध्याकाळी इस्पितळाच्या चादरीही आल्या. कलमं मोठ्याने वाचायचं काम शास्त्रीकडे आलं, कारण विम्याची ती भाषा घरात त्यालाच येत होती. आठ कलमं त्याने खणखणीत वाचली. नवव्याला तो थांबला. ते हाताने लिहिलेलं होतं.

"वाच की," आत्या म्हणाल्या.

"मालकिणीच्या भाच्याने दिलेल्या सल्ल्यामुळे होणारं कोणतंही नुकसान या विम्यातून वगळण्यात आलं आहे."

मावशींनी मान वाकडी करून कागद बघितला. "अक्षर छान आहे हो बाईंचं," त्या म्हणाल्या, आणि इस्पितळाची पहिली चादर टेबलावर पसरली.

तर मंडळी, शास्त्रीची काळजी करू नका, तो पास होईल; असे नेहमी पास होतात. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच. उद्या कडक इस्त्रीचा सदरा अंगात घालाल, हात जोडून देवापुढे उभे राहाल आणि स्वतःचं सगळं मागून होईल, तेव्हा घटकाभर थांबा आणि त्या मावशींची आठवण काढा. त्यांच्या कोपरावर आता नवा डाग पडू नये, एवढं त्याच्या कानावर घाला.