खानविलकर काकांचा लिलाव

आमच्या इंद्रलोक सोसायटीत क्रिकेटची मॅच जाहिराती बघण्यासाठी लावणारा माणूस एकच, खानविलकर काका. चेंडू पडत असताना ते चहा टाकतात, पेपर चाळतात. ओव्हर संपली की मात्र टीव्हीचा आवाज वाढवून सगळ्यांना गप्प करतात.

"शांत. आता खरा खेळ."

समोरचे शहाभाई एकदा दारातूनच विचारायला गेले, "अंकल, स्कोर क्या हुआ?"

"स्कोर छोडो. पहले ये बताओ, अंपायर के शर्ट पे किसका नाम है?"

शहाभाई आता स्कोअर वॉचमनला विचारतात.

काका मूळचे गिरगावचे. रिटायर होऊन इकडे आले, एकटेच राहतात. कुठल्याही खेळाबद्दल त्यांचा एकच प्रश्न असतो, "यातून सुटतं काय?" माझ्या मुलीने कॉलेजसाठी खो-खोचं पदक आणलं, तर पेढा तोंडात टाकत म्हणाले, "कॉलेज आता हिचा फोटो गेटवर लावणार. फुकटची जाहिरात. तुम्ही फी माफ करून घ्या." आम्ही अर्ज केला आणि खरंच अर्धी माफ झाली.

दर वर्षी हायवेजवळच्या टर्फवर आमची बॉक्स क्रिकेट लीग होते. आधी हॉलमध्ये खेळाडूंचा लिलाव, नुसत्या पॉइंटांवर. लिलाव पुकारणार काका, आणि हातोडा म्हणजे त्यांच्या घरचा पितळी बत्ता. प्रत्येक नावावर भाषण. "जोशी. गुडघा गेलाय, पण घरून सामोसे आणतो. संघाचा खर्च वाचेल. एक वार..." तीन वार होईपर्यंत आमचा चहा निवतो.

शेवटचं नाव नेहमी त्यांचं स्वतःचं. "खानविलकर. जुना माल. कुणी?" सगळे हसतात, काकाही हसतात आणि बत्ता आपटतात. "अनसोल्ड. मार्केट आहे, रडायचं नाही."

यंदा एका संघाचा मालक मी होतो. लिलावाआधी खुर्च्या लावताना सहज विचारलं, "काका, तुम्ही कधी खेळलात का हो?"

"म्हणजे काय. नोकरीच त्यावर लागली. कंपनीची टीम होती, ओपनिंगला जायचो. मग नवे साहेब आले. म्हणाले, यातून सुटतं काय? टीम बंद, मी डिस्पॅचला." त्यांनी एक खुर्ची उगाचच सरळ केली. "त्यांचंही बरोबर होतं. आम्ही खर्चाच्या बाजूला होतो."

माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. पांढरे कॅनव्हासचे बूट, ताजं पॉलिश केलेले. लिलावाला ते दर वर्षी हेच घालून येतात. मला तो लिलाववाल्याचा थाट वाटायचा. या वेळी मात्र कळलं, ते खेळायचे बूट होते.

शेवटचं नाव आलं. "खानविलकर. जुना माल. कुणी?"

उरलेले सगळे पॉइंट मी बोललो. हॉल हसला. काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"गोरे, तोट्यात जाल."

"जाऊ दे."

"एकवारदोनवारतीनवार," काका एका दमात म्हणाले, आणि माझं मन बदलायच्या आत त्यांनी बत्ता आपटला.