ह्यांचा रोजा आणि चाळीचं उपोषण

ह्यांना रजेत गुटगुटीत करून परत पाठवीन, असं मी अख्ख्या मजल्याला सांगून ठेवलं होतं! बहारीनच्या तेल कारखान्यात राबून येणारा माणूस म्हणजे खुंटीवरचा कोट, हे मला ठाऊक होतं. कुळथाची पिठी, तिसऱ्यांचं सुकं, नारळीभात, सगळं मनात रांधून झालं होतं. आणि आमची शेवंती! ती पोटात असताना हे गेले. ती 'बाबा' म्हणून झेपावेल, असंही मी सांगून बसले होते.

हे आले. शेवंती माझ्या पदराआड शिरली ती शिरलीच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढे केलेला चहा ह्यांनी हळूच बाजूला सारला.

मग कारण सांगितलं. तिकडे रमजान चालू होता. ह्यांच्या जोडीचा यूसुफ दिवसभर भट्टीशेजारी पाण्याच्या थेंबाविना उभा राहायचा. ह्यांना कुणी मनाई केली नव्हती. उलट यूसुफच म्हणायचा, तू जेव, तुझा डबा निवेल. पण हे पिंपाआड लपून जेवायला बसले, तर घास घशाखाली उतरेना. मग ह्यांनी डबा नेणंच सोडलं. सांज झाली की यूसुफ चटई पसरायचा, पहिला खजूर ह्यांच्या हातावर ठेवायचा आणि मग स्वतः खायचा.

"निघताना त्याला म्हटलं, उरलेले रोजे मुंबईत धरतो," हे म्हणाले. "तो नको म्हणत होता. पण शब्द दिला ना."

वटसावित्रीला ह्यांच्यासाठी उपाशी राहणारी बाई मी, चहा आत घेऊन गेले.

परत गेलेला चहा शेजारच्या कमळाबाईंनी दारातून पाहिला होता. त्याच आठवड्यात पलीकडच्या चाळीतला एक जण संयुक्त महाराष्ट्रासाठी उपोषणाला बसला होता. हार पडले, पेपरात नाव आलं. आमच्या चाळीत तोवर एकही उपाशी निघाला नव्हता आणि तो सल सगळ्यांनाच होता. दुपारपर्यंत जिन्याखालच्या फळ्यावर ह्यांचं नाव खडूनं चढलं! चाळ समितीचे राजारामभाऊ हार घेऊन आले. हे उठून सांगू लागले, माझा उपास त्यासाठी नाही हो.

कमळाबाईंनी डोळे बारीक केले. "मगे म्हाराष्ट्र नको काय रे तुका?"

परळच्या माणसाला तो नको कसा असेल!

"हवा तर," हे म्हणाले.

राजारामभाऊंनी तेवढंच धरलं आणि हार घातला. हे रमजानचं, यूसुफचं सांगत होते. ते नंतर ऐकू, आधी बसा, असं म्हणून त्यांनी ह्यांना ग्यालरीतल्या खाटेवर बसवलं. आमच्या घरात हार घातलेला एकच माणूस, भिंतीवरचा शेवंतीचा आजा. तसाच दुसरा खाटेवर बसून हात पुढे करतोय म्हटल्यावर पोरीनं भोकाडच पसरलं. त्यात चाळीनं 'झालाच पाहिजे'ची आरोळी ठोकली. शेवंती थेट खाटेखाली. ह्यांचा पुढे आलेला हात तसाच मांडीवर परत गेला. ते बघून मला माझ्या बढाईची लाज वाटली.

सूर्य गिरणीच्या धुराड्याआड गेला. ह्यांनी ट्रंकेतून खजुरांची पुडी आणली. राजारामभाऊ धावलेच. उद्या पुढारी यायचे होते, त्यांच्या हातच्या लिंबूपाण्यानंच उपोषण सुटायचं होतं.

"भाऊ, माझा सांजेलाच सुटतो," हे म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

"सांजेला सुटतं ते कसलं उपोषण, जयवंता? पलीकडची चाळ हसेल आपल्याला."

हातावर खजूर, पण इतक्या माणसांचा मान मोडून तो तोंडाकडे नेणं ह्यांच्यानं होईना.

तेवढ्यात खाटेखालून शेवंती बाहेर आली. ह्यांच्या तळहातावरचा खजूर तिनं उचलला, अर्धा चावला. मग मी तिला भरवते अगदी तशी, उरलेला चिकट अर्धा ह्यांच्या ओठांशी नेऊन म्हणाली,

"बाबा, आं कल."

ह्यांनी तोंड उघडलं. चावता चावता डोळे भरून आले. कमळाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "पोरीच्या हातान उपास सुटलो. पुढारी कित्याक होयो?" आणि पाण्याचा तांब्या स्वतः आणून दिला.

राजारामभाऊंनी मुकाट्यानं फळा पुसला. पुढे ईदेपर्यंत रोज दिवेलागणीला शेवंतीच ह्यांचा रोजा सोडवायची. हे गेले ते आले होते त्याहून रोडच होऊन.

खजुरांची पुडी मात्र मागे ठेवून गेलेत. दिवे लागले की शेवंती अजून एक खजूर घेऊन ग्यालरीत जाते. बाबा दिसत नाही, मग जो सापडेल त्याला भरवते. इकडे चाळीची अब्रू राखायला परवापासून राजारामभाऊ स्वतः उपोषणाला बसले होते. काल संध्याकाळी घोषणा द्यायला त्यांनी मोठ्ठं तोंड उघडलं...

फळा पुन्हा पुसलाय.