अजून कच्चं आहे

आमच्या शेजारचे दत्ताकाका गिटार वाजवायला बसले की समोर एक खुर्ची मांडतात, तिच्यावर टॉवेलाची घडी ठेवतात आणि घडीवर मोबाइल. मोबाइलवर गाणं लागतं आणि काका त्याच्याबरोबर आपल्या मनाचं काहीतरी वाजवू लागतात. मध्येच दारावर मासेवाली आली, तर मोबाइलला "थांबा हां, आलो" असं सांगून उठतात आणि बांगडे धुऊन ठेवून परत आले की "चला, बसा" म्हणतात. मंडळी बसलेलीच असतात, पण काकांचा शिष्टाचार चुकत नाही.

काकांची सारी नोकरी बोटीवर स्वयंपाक करण्यात गेली. कुठल्याशा बंदरात त्यांनी ही गिटार घेतली आणि भाताच्या टोपाशेजारी बसून तिच्यावर हात बसवला. निवृत्त होऊन इथे मांडवीला आले, तर साथीला कुणीच नाही. मग त्यांनी मोबाइलमधल्यांना धरलं. भजन, लावणी, कव्वाली, त्यांना काहीही चालतं. एकदा लग्नाच्या सनईला अशी काही साथ केली, की माझ्या सासूबाई वऱ्हाड बघायला गॅलरीत धावल्या.

या साथीचं शास्त्र त्यांनी मला कितीदा तरी समजावलंय. "गाणारा दम घेतो बघ, तिथे जागा असते. तिथेच शिरायचा. त्याच्या तोंडावर वाजवायचा नाय."

पंचाईत अशी, की हा नियम ते सगळीकडेच लावतात. सोसायटीच्या सभेत त्यांना पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं होतं. दोन तास जागा शोधत बसले. ती मिळाली तेव्हा समोर फक्त सतरंजी उरली होती. तरीही बोलले म्हणे.

रोज सगळ्यात शेवटी मात्र एकच तुकडा लागतो. तो त्यांच्या मुलाने, महेशने, तिकडे ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर बसवून दोन वर्षांपूर्वी पाठवला. मधला भाग बाबांसाठी रिकामा सोडलाय. बाबांनी तो आपल्या मनाने भरायचा आणि रेकॉर्ड करून परत पाठवायचा, एवढंच काम. ते दोन वर्षं चाललंय. कधीही विचारा, उत्तर एकच, "अजून कच्चा हाय." मी तर म्हणायचे, काका, एवढ्यात हापूसच्या दोन अढ्या पिकून संपल्या.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी तो भाग असा वाजवला, की मी पोळी तव्यावर विसरले. पटकन खिडकीतून हात बाहेर काढून सगळं माझ्या मोबाइलवर टिपून घेतलं. महेशचा नंबर माझ्याकडे होताच. तशीच काकांकडे गेले, त्यांना ऐकवलं आणि म्हटलं, आता मीच पाठवते, तुमच्याच्याने काही हे व्हायचं नाही.

काकांनी गिटार खाली ठेवली. मग म्हणाले, "पाठवलं की संपला ना गो. आता दर रविवारी फोन करून इचारतो तरी, बाबा, झाला काय? झाला म्हटलं, तर पुढच्या रविवारी काय इचारंल?"

महेश लहान असताना काका वर्षातले नऊ महिने पाण्यावर असायचे. बापलेकांना एकमेकांशी बोलायची सवयच लागली नाही. मला हे ठाऊक होतं, आणि तरी दोन वर्षं मी त्यांना आंब्यांवरून चिडवत होते. माझी मलाच लाज वाटली.

मोबाइल त्यांच्यासमोर धरून मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

"तसं शेवटी जरा बेसूरच झालं होतं, काका," मी म्हटलं. साफ खोटं बोलले.

काकांचा चेहरा खुलला.

"झाला होता ना?" ते म्हणाले. "मला पण तसाच वाटला."