बिजलीच्या उपोषणाचं प्रकरण

"महाराजपुरात माशी शिंकली, तर ती कोणत्या नाकपुडीनं शिंकली हे मी घरबसल्या सांगतो," असं गुणवंतराव रामटेके स्वतःबद्दल सांगत. तोफगोळ्यांच्या फॅक्टरीच्या पॅकिंग सेक्शनातून रिटायर झाल्यावर त्यांनी फाटकावर 'गुप्त जासूस' अशी ठळक लाल पाटी लावली होती. पाटी इतकी ठळक होती की जासूस तेवढा गुप्त राहिला नव्हता.

"हे नाक नाही साळेबुवा, यंत्र होय," असं म्हणून ते त्या यंत्रात चिमूटभर तपकीर कोंबत आणि मग खिडक्या हलतील असे शिंकत. साळेबुवा म्हणजे नीलकंठ, त्यांच्या बायकोचा भाऊ. रेल्वेत नोकरीला होता बिचारा. या जासूसी एजन्सीचं एकुलतं एक वाहन त्याचीच स्कूटर होती, पेट्रोलही त्याचंच. बहीण दिली म्हणून माणसानं किती सोसावं?

त्या पावसाळ्यात शेजारच्या कलावतीबाई दारात आल्या, त्या डोळ्याला पदर लावूनच.

"जय भीम, दादा. माही बिजली काहीच खाऊन नाही राहिली. घमेलं पुढे केलं का तोंड फिरवते. दूध अर्ध्यावर आलं. असंच राहिलं तर सोमवारी मोतीराम तिले घेऊन जाईन."

बिजली म्हणजे त्यांची म्हैस. नवरा गेल्यापासून त्यांची चूल तिच्याच दुधावर पेटत होती. मोतीराम हा जवळच्या कुंडम गावचा जनावरांचा व्यापारी.

"केस घेतली!" गुणवंतराव म्हणाले.

आतून गुणवंतरावांच्या पत्नी प्रतिमाताई ओरडल्या, "अवो, पहिले माह्या दिवाणावरचं प्लास्टिक कुठी गेलं ते शोधा!"

"मी किरकोळ केस घेत नसतो."

गोठ्यात पोचल्या पोचल्या पहिला संशयित सापडला. पलीकडचा दूधवाला दयाराम.

"यानं मले पाहून नमस्कार केला, साळेबुवा. काहून केला? मनात पाप आहे म्हणून!"

"भैया, मैं तो रोज़ नमस्ते करता हूँ," दयाराम म्हणाला.

"म्हणजे पाप जुनं आहे."

दुसऱ्या दिवशी सिद्धांत बदलला. पहाटे कोणीतरी येऊन म्हैस पिळून जातं! चिखलात पावलाचा ठसाही मिळाला. गुणवंतरावांनी भिंग लावून तो उभा-आडवा मोजला, चोर लंगडा आहे आणि सासरी राहतो असं जाहीर केलं. ठसा नीलकंठच्या चपलेचा निघाला.

तिसरा सिद्धांत मात्र हृदयाला भिडणारा होता. "ही नागपूरकडची होय ना? तिकडच्या रस्त्यावरल्या तिलवाऱ्याकडून वारा आला का हिले माहेर आठवते. हिचं तोंड फिरवा!"

म्हैस फिरवताना तिचा खूर नीलकंठच्या अंगठ्यावर पडला. माहेरची आठवण कुणाला आली ते सांगायला नको.

"दादा," कलावतीबाई गव्हाच्या कोंड्याचं घमेलं पुढे करत चाचरत म्हणाल्या, "चोकराले जरासा वास येऊन राहिला न?"

गुणवंतरावांनी घमेल्यात नाक घातलं आणि ते शिंकले. "तो नव्या पॅकिंगचा वास होय. माह्यं पॅकिंग आहे, बाई!"

खरंच त्यांचं होतं. पहिल्या सरी येताच त्यांनी शेजारधर्म म्हणून कलावतीबाईंची चोकराची आणि डाळीच्या चुनीची पोती प्लास्टिकात गुंडाळून, सुतळीनं आवळून, चोकर काढायला खाली टिनाचा पाइप बसवून दिला होता. वरून हवा नाही, खालून हवा तितका चोकर. "फॅक्टरीत असा बांधलेला माल वर्षानुवर्षं जसाचा तसा राहते," असं तेव्हा ते छाती फुगवून म्हणाले होते. फॅक्टरीतल्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा, तर ठेवायचा कोणावर?

सोमवार उजाडला. मोतीराम दोर घेऊन हजर झाला. कलावतीबाई बिजलीच्या गळ्यातली घंटी सोडू लागल्या, पण गाठ सुटेना. प्रतिमाताई बिजलीला शेवटची पोळी द्यायला आल्या आणि कोपऱ्याकडे पाहून थबकल्या.

"हे तं माह्यं प्लास्टिक! गुलाबाच्या फुलाचं!"

त्यांनी तरातरा जाऊन ते ओढलं. सुतळी तुटली आणि असा कुबट, गरम भपकारा आला की मोतीरामनंसुद्धा गमछा तोंडाला लावला. फक्त गुणवंतरावांच्या तपकिरीनं बुजलेल्या नाकाला काहीच कळलं नाही. आतल्या चोकराचे हिरवे-काळे गठ्ठे झाले होते, त्यांवर पांढरी जाळी धरली होती.

"अवो, भाकरीवर एवढीशी बुरशी आली तर आपण फेकतो," प्रतिमाताई म्हणाल्या, "अन् हे या मुक्या जीवाले रोज चारून राहिले?"

नीलकंठ स्कूटरवर जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी गठ्ठा फोडून पाहिला. "ही बुरशी विष सोडते. जनावराचं लिव्हर धरते, दुधातही उतरते. सगळं पुरून टाका, कोंबड्यांनाही घालू नका. मी सांगेपर्यंत दूध कोणी पिऊ नका. म्हैस वाचेल, कारण तिनं वेळेवर खाणं सोडलं. असं बांधलं कोणी? हे काय फॅक्टरीतलं लोखंड आहे? लोखंडाला घाम येत नाही, चोकराला येतो."

गुणवंतरावांनी भिंग खिशात ठेवलं आणि आयुष्यातला पहिला बरोबर निष्कर्ष काढला.

"साळेबुवा, गुन्हेगार सापडला. टक्कल आहे, तपकीर ओढते." मग ते कलावतीबाईंकडे वळले. "कलावती, बाई, चुकलो वं मी."

मोतीरामनं दोर गुंडाळला. "भैंस तो रोज़ मना कर रही थी, भाईसाब. आप ही लोग नहीं समझे."

त्याच संध्याकाळी गुणवंतरावांनी तपकिरीची डबी नीलकंठच्या हातात दिली. "मी रडलो, पाया पडलो, तरी देजो नको."

तेव्हापासून रोज सकाळी ते नवा चोकर उन्हात पसरतात, चिमण्या हाकलतात आणि बिजलीच्या आधी घमेल्यात नाक घालतात. डॉक्टरांनी दूध प्यायला हरकत नाही असं सांगितलं, त्याच सकाळी घमेल्यात नाक घालताच गुणवंतरावांचे डोळे एकदम भरून आले.

"साळेबुवा! गव्हाचा वास येऊन राहिला रे बाप्पा!"

बिजलीनं त्यांना शिंगानं बाजूला सारलं आणि घमेलं चाटूनपुसून साफ केलं. गळ्यातली घंटी वाजत होती. कलावतीबाई एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या.

मग गुणवंतरावांनी ते मोकळं झालेलं नाक सावकाश नीलकंठकडे वळवलं. "अन् तू आज आंघोळ काहून नाही केली?"

नीलकंठनं खिशातून तपकिरीची डबी काढली. मग बिजलीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं परत ठेवून दिली.