ताणमुक्त माशाचा दाखला

माणूस दुःखी असला की तो बोलून दाखवतो. मासा दुःखी असला, तर त्यासाठी समिती नेमावी लागते. ही इतकी उघड गोष्ट आपल्याकडे इतक्या उशिरा लक्षात यावी, याचंच नवल वाटतं. पण आली एकदाची. 'शेततळ्यातील मत्स्य मनःस्वास्थ्य व कल्याण मूल्यमापन समिती' स्थापन झाली, आणि तिचा एक सदस्य या नात्याने मी छातीठोकपणे सांगतो, की समितीने तपासलेल्या एकाही माशाची आजवर तक्रार आलेली नाही.

सदस्यत्वाच्या अटी दोनच होत्या. माशांबद्दल कळवळा असावा, आणि तो कळवळा जेवणाच्या आड येऊ नये. (दुसरी अट लेखी नव्हती. पण पाळली गेली ती तीच.) मी वैजनाथ, देऊळगाव राजाचा निवृत्त हेडक्लार्क. आमच्या घरात शारदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, माशाचं नावसुद्धा काढू देत नाही. त्यामुळे लग्न झाल्यापासून माझ्या मनात माशांबद्दलचा कळवळा नुसता साठून राहिला होता. अर्ज केला आणि निवड झाली.

अध्यक्ष किसनराव. फार अनुभवी माणूस. समिती कशाची आहे, हे ते जीपमध्ये बसल्यावर विचारतात आणि उतरेपर्यंत त्या विषयाचे जाणकार झालेले असतात. तिसरे डॉ. गंधार, पुण्याचे. माशाच्या मनातलं ओळखण्याचं शिक्षण घेतलेला एवढा मोठा माणूस आपल्या भागात कशाला आला, असं कुणी विचारलं तर ते म्हणतात, "इथे काम करायला वाव आहे." वाव होताच.

आता नियम. ताणग्रस्त मासा बाजारात विकता येणार नाही. कारण तो ताण खाणाऱ्याच्या अंगी लागतो, आणि जिल्ह्यातल्या नागरिकांकडे स्वतःचा पुरेसा आहे. म्हणून विक्रीआधी समितीचा दाखला. ताण ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: अन्नाकडे पाठ फिरवणं, कोपऱ्यात एकटं राहणं, रंग उतरणं, आणि तोंड उघडून नुसतंच वर बघत राहणं. यावरून 'ताणांक' काढायचा. शंभर म्हणजे मासा खचलेला, शून्य म्हणजे मासा समाधानी.

पहिलं तळं निघालं मोताळ्याजवळच्या कोकिळाबाईंचं. कापूस-सोयाबीन सोडून या बाईने शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली, तेव्हा सगळी भावकी हसली होती. बाईने वर्षभर स्वतःच्या चहाआधी माशांना सरकीची ढेप आणि कोंडा घातला. मासे चांगले हातभर झाले. उन्हाळ्यात तळं आटायच्या आत ते विकायचे आणि काजलला, म्हणजे लेकीला, नर्सिंगला घालायचं, एवढाच तिचा हिशेब. बारावीला काजलला मार्क चांगले होते, हे तिने आम्हाला जीपचं दार उघडायच्या आतच सांगितलं.

"बसा सायेब, च्या घ्या, अन् तेवढा दाखला देऊन टाका," ती म्हणाली. "पानी उतरून राह्यलं."

दाखला असा देता येत नाही. आम्ही जाळं ओढलं. मासे बाहेर काढले, मोजले, उलटे केले, कल्ले उघडून पाहिले. किसनरावांनी त्यातल्या एकाला हातात धरून फोटो काढला, मग तो नीट आला नाही म्हणून पुन्हा काढला. नंतर डॉ. गंधारांनी सुईने रक्त घेऊन यंत्रात घातलं. ताणांक निघाला ब्याऐंशी.

"बापरे!" डॉक्टर म्हणाले. "मासे अत्यंत तणावाखाली आहेत."

कारणं शोधली. पाण्यातली दाटी, वरची उन्हं, आणि मालकिणीचा आवाज. समितीचा विचार या यादीत आला नाही, कारण समिती हे कारण नसतं, उपाय असतो. आवाजाबाबत डॉक्टरांनी लेखी सूचना दिली, की ढेप टाकताना 'काऊन बे, या ना लवकर' असं ओरडू नये. 'या हो, जेवून घ्या' असं सौम्य शब्दांत म्हणावं.

"मासे हायेत का जावई?" कोकिळाबाई म्हणाल्या. (ही टिप्पणी अहवालात 'मालकिणीचे सहकार्य' या सदराखाली नोंदवली आहे.)

राहिला प्रश्न तपासलेल्या माशांचा. एकदा बाहेर काढलेला मासा परत पाण्यात सोडला, तर तो बाकीच्यांना झाला प्रकार सांगतो आणि त्यांच्या मनाला धक्का बसतो, असं डॉक्टरांचं मत पडलं. फेकून देणं तर अमानुष. तेव्हा कल्याणकारी मार्ग एकच उरत होता. बाईंनी चूल पेटवली.

इथे मला अहवालाची भाषा थोडी बाजूला ठेवावी लागेल. कांदा विस्तवात भाजलेला, खोबरं काळपट होईस्तोवर परतलेलं, लसूण सालीसकट ठेचलेला. पाट्यावर वाटलेल्या त्या मसाल्याला तेल सुटलं, आणि बोटभर लाल तर्रीखाली रोहूचे तुकडे असे हळूच हलत होते की बघत राहावं. शेजारी तव्यावर बेसन लावलेले तुकडे कुरकुरत होते. परातीत गरम ज्वारीची भाकरी, हाताने फोडलेला कांदा. काय सांगू! पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाने की साठलेल्या कळवळ्याने, ते सांगता येत नाही. किसनराव तर तोवर दुसऱ्या भाकरीवर होते. समितीच्या इतिवृत्तात या भेटीबद्दल एकच प्रतिकूल नोंद आहे: लिंबं कमी पडली.

पंधरवड्याने पुन्हा गेलो. ताणांक एकोणसाठ! मधल्या काळात काय बदललं होतं? ढेप तीच, ऊन वाढलेलं, बाईचा आवाजही तोच. बदल एकच: आम्ही येऊन गेलो होतो. डॉ. गंधारांनी जीपच्या बॉनेटवर कागद पसरून आलेखच काढला. समितीच्या भेटी वाढतात, तसा ताण उतरतो.

"अहो सायेब, मासेच कमी होऊन राह्यले!" कोकिळाबाई म्हणाल्या.

"दाटी कमी होते आहे, ताई," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "हेच तर कल्याण."

"मंग दाखला द्या ना. आहेत तेवढे तरी इकू द्या मले. पोरीच्या कॉलेजची तारीख जवळ आली."

पण एकोणसाठाला दाखला देणं म्हणजे बाईवरच अन्याय. ताण एवढा झपाट्याने उतरत असताना मध्येच थांबायचं? किसनराव म्हणाले, "घाई करू नका, माय. आम्ही आहोत." आणि ते खरंच होते. त्यांनी नंतर शेजारच्या तालुक्यातल्या दोन समित्यांनाही अभ्यासदौऱ्यावर आणलं, कारण चांगलं काम दडवून ठेवू नये. पंगत बांधाच्या कडेने दूरवर गेली. त्या दिवशी लिंबं पुरली.

मध्ये एकदा बाईचं डोकं फिरलं. तिने चूल पेटवली नाही, हातात पळी घेऊन तळ्याच्या काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "हात लावून दाखवा एकाही मास्याले! माह्या पोरीचं कॉलेज गिळून राह्यले तुमी, कॉलेज!" आमचे ड्रायव्हरसुद्धा दोन पावलं मागे सरले. समितीने तिचा राग समजून घेतला. नमुने मात्र घेतले, आणि त्या दिवशी जेवण तालुक्याच्या ढाब्यावर करून घ्यावं लागलं. ते तितकंसं जमलं नाही. बाईच्या हाताची चव वेगळीच.

त्याच भेटीत मी काजलला पाहिलं. ती पंपाच्या खोलीमागे एकटीच उभी होती. आईने सकाळी वाढलेलं ताट तसंच झाकलेलं. चेहऱ्यावरचा रंग उतरलेला, आणि तोंड किंचित उघडं ठेवून ती नुसतीच वर बघत होती. मी खुणा ओळखल्या; इतक्या भेटींनंतर नजर तयार होतेच. पण विषय आमच्या कार्यकक्षेत बसत नव्हता. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

शेवटच्या भेटीत ताणांक शून्य निघाला. तळ्यात गुडघाभर पाणी होतं आणि एक कटला होता. दाटी नाही, अन्नासाठी धक्काबुक्की नाही, मारामारी नाही. तो जाळ्यातही सापडेना, त्यामुळे तपासणीचाही ताण नाही. किसनरावांनी तळ्याकडे बघून हात जोडले. "असं सुख माणसाच्या नशिबी नाही," ते म्हणाले. कार्यक्रम झाला, शाल झाली, तीन सह्यांचा दाखला चौकटीत घालून कोकिळाबाईंच्या हातात दिला. कॉलेजची तारीख तोवर उलटून गेली होती, पण तो या कार्यक्रमाचा विषय नव्हता.

पुढच्या आठवडी बाजाराला मी मोताळ्यात गेलो. (दाखल्यानंतरची देखरेख. शारदाला भाजी आणतो म्हणून सांगितलं होतं.) बघतो तर कोकिळाबाई मासळीच्या रांगेत पोतं अंथरून बसलेल्या. पुढे प्लास्टिकची टाकी, टाकीत तो एक कटला, मागे रोवलेल्या काठीला आमचा दाखला टांगलेला. बाजूला काजल. ही गर्दी जमली!

"बाई, एकच मासा? बाकीचे कुठं गेले?" कुणीतरी विचारलं.

बाईने दाखल्याखालच्या सह्यांवर बोट ठेवलं. "हे पाहा. एक, दोन, तीन. यायच्या पोटात."

मी जरा गर्दीत मागे सरलो.

"अन् हा केवढ्याले देला?"

"हा इकायचा नाई. हा साक्षीदार हाय. पुढच्या साली तळ्यात बोटुकली सोडीन तवा हा मास्यायले सांगन, जाळं आलं की बुडी मारा म्हणून."

लोक हसले. मग एका म्हाताऱ्याने पुढे होऊन आस्थेने विचारलं, "पण बाई, तुमी रस्सा केला तरी कसा होता? तिन्ही समित्यायनं नाव काढलं म्हणतात." लगेच आणखी चौघे पुढे सरकले. खोबरं भाजून की कच्चं? लसूण किती? कोकिळाबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि टाकीतलं पाणी हाताने उगाच हलवत राहिल्या. आता काजलचं काय, हे त्या सबंध गर्दीत कुणी विचारलं नाही.

तुम्हाला मात्र वाईट वाटतंय, हे मला इथून दिसतं आहे. बाईसाठी वाटतंय, काजलसाठी तर फारच. आमच्या तिघांचा रागही आला असेल. साहजिक आहे. फक्त एक गोष्ट विचारतो: चूल पेटली, तर्री वर आली, बेसनाचे तुकडे कुरकुरले, तेव्हा काजल कुठे होती? मी तिथेच जेवत होतो, सगळं बघत होतो. तुम्ही तिला शोधत नव्हतात. माझ्या ताटाकडे बघत होतात.

तेव्हा कळवळा आहे आणि तो जेवणाच्या आड येत नाही, या दोन्ही अटी आपण पूर्ण केल्या आहेत. समितीवर आपली नेमणूक झाली, अभिनंदन. सोमवारी सुलतानपूरचं तळं आहे, जीप सकाळी निघते. येताना लिंबं तेवढी घेऊन या.